क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आलाय, मला मूल होईल ना?

प्रश्न थोडक्यात असा: "वय २६, लग्नाला दीड वर्ष. दोन पाळ्यांच्या मध्येच थोडं लाल दिसायचं, संबंधानंतरही दोनदा दिसलं. डॉक्टरांनी आतून तपासून स्वॅब पाठवला, त्यात क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. सोनोग्राफीत 'पीओडीमध्ये थोडं पाणी, पीआयडी?' असं लिहिलंय. ओटीपोटात दुखत नाही, ताप नाही. सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात. नवरा म्हणतो, मला काही होत नाही, मी कशाला औषध घेऊ? यानं नळ्या बंद होतात असं वाचलं. मला मूल होईल का? आणि हे आलं कुठून?"

बहुधा होईल. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, आकडे पुढे देते, तुम्हीच हिशेब करा. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते मुलाबद्दलचं वाक्य नाही. "मी कशाला औषध घेऊ" हे खटकलं. येत्या काही महिन्यांत तुमच्या नळ्यांना धोका असलाच, तर तो तिथून आहे.

आधी या जंतूची ओळख करून घेऊ. गर्मी (सिफिलिस), परमा (गनोरिया) ही नावं आपल्या आज्यांनाही ठाऊक होती, कारण ते आजार दिसायचे: जखम व्हायची, पू यायचा. क्लॅमिडियाला आपल्या बोलीत नाव पडलं नाही, कारण तो दिसतच नाही. लागण झालेल्या दहापैकी सात-आठ बायकांना काहीही जाणवत नाही. उरलेल्यांना जे जाणवतं तेही असं की बाई अंगावर काढते. पांढरं जरा जास्त जातं, रंग पिवळट होतो, लघवीला थोडी जळजळ, मध्येच एखादा लाल डाग. "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जाचं पाणी पिऊन दिवस काढले जातात. तुम्ही त्या लाल डागावरून डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी आत बघून स्वॅब घेतला, इथेच निम्मं काम झालं आहे.

गंमत म्हणजे हाच जंतू दुसऱ्या वेषात आपल्या ओळखीचा आहे. याचेच काही प्रकार डोळ्यांत खुपऱ्या करतात. १९०७ साली जावा बेटावर हालबरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांना तो पहिल्यांदा दिसला तोही खुपऱ्यांच्याच अभ्यासात. पेशीच्या आत, झगा पांघरल्यासारखा. त्यावरून ग्रीक भाषेतल्या झग्याचं नाव त्याला चिकटलं. पेशीच्या बाहेर तो वाढू शकत नाही. आत शिरतो, दोन-तीन दिवसांत शेकडोंनी वाढतो, पेशी फोडून शेजारच्या पेशींत जातो. साध्या पांढऱ्या पाण्याच्या तपासणीत तो सापडत नाही आणि औषध सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत सुटत नाही, त्याचं कारण हेच.

त्याला सगळ्या पेशी चालत नाहीत. योनीच्या जाड थराशी त्याचं जमत नाही. त्याला लागतो तो पिशवीच्या तोंडाच्या आतला नाजूक, एकपदरी थर. तरुण वयात हा थर थोडा बाहेर डोकावतो, म्हणून विशी-पंचविशीत ही लागण सहज होते. आणि इथे जरा विषयांतर करते. बाहेर आलेला तो लालसर भाग म्हणजेच आपल्याकडे हजारो बायकांना सांगितली जाणारी "पिशवीच्या तोंडावरची जखम". ती जखम नसते. पंचविशीतल्या बाईत ते बहुतेक वेळा निसर्गतःच असतं. तरी "जखम आहे, जाळून घ्या" इथून सुरुवात होऊन गोष्ट "पिशवीच काढून टाका, कॅन्सर होईल" इथवर जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याच्या बातम्यांनंतर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कित्येकींची सुरुवातीची तक्रार होती, पांढरं जातंय आणि पोटात दुखतंय. ज्याला गोळ्या पुरल्या असत्या, त्याला सुरी लागली. तेव्हा उद्या कुणी तुम्हाला "जखम" म्हणालं, तर आधी स्वॅब आणि पॅप (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) तपासणी झाली का एवढं विचारा.

आता पीआयडीकडे. पिशवीच्या तोंडाशी चिकट स्रावाचा बुचासारखा पडदा असतो, तो जंतूला वर जाऊ देत नाही. पाळीच्या दिवसांत हा पडदा नसतो. कधीतरी जंतूला वाट सापडते, तो पिशवीच्या अस्तरात, तिथून नळ्यांत जातो. ओटीपोटातल्या या सुजेला पीआयडी म्हणतात. क्लॅमिडिया हे तिचं एकमेव कारण नाही. परम्याचा जंतू आहे, योनीतले एरवीचे जंतू आहेत, आणि आपल्याकडे अर्धवट किंवा अस्वच्छ गर्भपात व बाळंतपणातला संसर्ग हेही आहे.

नळी म्हणजे पाण्याचा पाइप नव्हे. आतून मखमलीसारखी घडीदार असते, त्यावर बारीक केस असतात आणि ते बीजाला हळूहळू पिशवीकडे ढकलतात. टोकाला शेवंतीच्या पाकळ्यांसारखी झालर असते. सूज आली की केस झडतात, घड्या एकमेकींना चिकटतात, पाकळ्या मिटून जातात. नुकसान करतो तो जंतू थोडंच, बरंचसं आपलंच शरीर त्याच्याशी झगडताना करून बसतं. म्हणून दुसऱ्यांदा लागण झाली की प्रतिकार आधीच चिडलेला असतो आणि व्रण पहिल्यापेक्षा जास्त पडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आकडे. उपचार न झालेल्या क्लॅमिडियात साधारण १०० पैकी १० ते १५ जणींना पीआयडी होते, असं मानलं जातं. लंडनमधल्या विद्यार्थिनींवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला क्लॅमिडिया असलेल्या पण लगेच उपचार न मिळालेल्या ७४ मुलींपैकी ७ जणींना वर्षभरात पीआयडी झाली. लगेच तपासून उपचार मिळालेल्या ६३ जणींपैकी एकीला. संख्या लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

पीआयडी झाल्यावर पुढे काय, याचं सगळ्यात मोठं उत्तर स्वीडनमधल्या लुंडचं आहे. वेस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते १९८४ या काळातल्या बायकांचा पाठपुरावा केला. दुर्बिणीतून नळ्यांची सूज डोळ्यांनी पाहिलेल्या बायका, नुसत्या अंदाजावरच्या नव्हेत. एकदा पीआयडी झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के बायकांना नळ्यांमुळे मूल झालं नाही. दोनदा झालेल्यांपैकी जवळजवळ २० टक्के. तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांपैकी ४० टक्के. दर वेळी दुप्पट. आणि या सगळ्यांच्या पुढच्या पहिल्या गरोदरपणात ९ टक्क्यांच्या आसपास गर्भ नळीतच राहिला, निरोगी बायकांत हेच प्रमाण दीड टक्क्याच्या आत होतं. त्याच लुंडच्या माहितीवरून पुढे असंही दिसलं की पीआयडीत दुखायला लागल्यापासून तीन दिवसांच्या आत दवाखान्यात आलेल्यांपेक्षा उशिरा आलेल्यांना वंध्यत्व किंवा नळीतला गर्भ यांचा धोका तिप्पट होता.

आता तुमचा हिशेब. तुम्हाला क्लॅमिडिया आहे, पीआयडीची लक्षणं नाहीत, औषध सुरू झालं आहे. अगदी औषध घेतलंच नसतं तरी १०० पैकी १०-१५ जणींना पीआयडी, आणि तीही एकदाच झालेल्या १०० पैकी ८ जणींना नळ्यांचा त्रास. म्हणजे शंभरात एखादी. हिशेब ढोबळ आहे, कारण काहींना सूज न दुखता, आतल्या आत होते आणि ती या आकड्यांत पुरती धरली जात नाही. पण "क्लॅमिडिया म्हणजे नळ्या बंद" हे वाचून रात्रभर जागं राहण्याइतकं यात काही नाही. धोका एकदाच्या लागणीपेक्षा पुन्हा पुन्हा होणाऱ्या लागणीत आहे, आणि दुखत असताना घालवलेल्या दिवसांत आहे.

सोनोग्राफीतलं ते प्रश्नचिन्ह. माझ्या टेबलावर आठवड्याला असे दोन-तीन तरी रिपोर्ट येतात. पीओडी म्हणजे पिशवीच्या मागची खोलगट जागा. बीज फुटल्यावर तिथे थोडं पाणी जमतंच, दर महिन्याला, निम्म्या जगात. रेडिओलॉजिस्ट सावधगिरी म्हणून "पीआयडी?" लिहितात, ते प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळून पडतं, आणि बाई पुढची दहा वर्षं "मला पीआयडी आहे" म्हणून फाइल काखेत घेऊन फिरते. प्रत्येक वळणावर पाच-पाच दिवसांची अँटिबायोटिक. उलटंही खरं आहे: ओटीपोटात खरी सूज असूनही सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. सोनोग्राफी कामाची आहे ती गळू दिसण्यासाठी, पाण्यानं फुगलेली नळी दिसण्यासाठी, नळीतला गर्भ शोधण्यासाठी.

पीआयडी आजही हातांनीच ठरते. आतल्या तपासणीत दोन बोटांनी पिशवीचं तोंड हलकेच एका बाजूला सरकवायचं. त्या क्षणी मी बोटांकडे बघत नाही, चेहऱ्याकडे बघते. नुसती अवघडलेली बाई डोळे मिटते, ओठ घट्ट धरते. सूज असलेली बाई टेबलावरून वर उचलली जाते आणि नर्सचा हात पकडते. पिशवी, तिचं तोंड किंवा नळ्यांची जागा, यांपैकी काहीही दाबल्यावर असं दुखलं आणि दुसरं कारण दिसत नसलं, तर पीआयडी धरून उपचार सुरू करायचे, रिपोर्टची वाट बघायची नाही. जरा जास्त जणींना औषध दिलं गेलं तरी चालेल, पण एकही सुटायला नको.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना एकच विचारा: "तपासताना दुखरेपणा होता का?" नसेल तर तुमची लागण पिशवीच्या तोंडापुरती आहे आणि सात दिवसांचं औषध बरोबर आहे. असेल तर सात दिवस अपुरे. मग एक इंजेक्शन आणि सोबत दोन प्रकारच्या गोळ्या, १४ दिवस. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात, गेलात तर हाच फरक रंगात दिसेल. पिशवीच्या तोंडातून येणाऱ्या स्रावासाठी राखाडी किट, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळं किट. ही किटं मोफत मिळतात. खासगीत शरमेनं पैसे घालवणाऱ्या किती जणींना हे माहीतच नसतं.

तुमच्या रिपोर्टबद्दल आणखी एक. तुम्ही "स्वॅब" लिहिलंत म्हणून माझा विश्वास बसला. पीसीआरसारखी, जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधणारी तपासणी असेल तर ती पक्की. पण या सल्ल्यासाठी येणाऱ्या बऱ्याच जणींच्या हातात असतो तो रक्ताचा "क्लॅमिडिया आयजीजी" रिपोर्ट, कुठल्यातरी वंध्यत्वाच्या पॅकेजमधला. तो फक्त एवढंच सांगतो की कधीकाळी शरीराची या जंतूशी किंवा त्याच्या भावंडांशी गाठ पडली होती. आज लागण आहे का, हे त्यावरून ठरत नाही. औषध घेऊनही तो वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतो. त्याच्यामागे धावून चार-चार वेळा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. तुमचा रिपोर्ट एकदा वाचून बघा, वर नमुन्याचं नाव लिहिलेलं असतं.

आता गोळ्यांबद्दल. सात दिवसांच्या म्हणजे बहुधा डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. सुरू करण्याआधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झाली होती का? मध्येच लाल दिसणं हे कधीकधी दिवस राहिल्याचंही लक्षण असतं, आणि दिवस असतील तर हे औषध चालत नाही, अझिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोस देतात. झाली नसेल तर आजच करा, पंधरा मिनिटांचं काम. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. रात्री झोपता झोपता घोटभर पाण्यानं गिळलेली ही गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि छातीत अशी आग होते की बाई हार्ट अटॅक समजून धावत येते. लोहाची, कॅल्शियमची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी असेल तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ही पचनीच पडत नाही. उन्हात अंग लवकर भाजतं, ओढणी घ्या. आणि तिसऱ्या दिवशी लाल दिसायचं थांबलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका.

नवरा.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. एक शिक्षिका, तिशीच्या आतली, माझ्याकडे दीड वर्षात तीनदा आली. प्रत्येक वेळी ओटीपोटात दुखणं, बारीक ताप, पिवळट स्राव. प्रत्येक वेळी मी पीआयडीचे पूर्ण उपचार केले, ती बरी होऊन गेली. नवरा बाहेरगावी नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मी चिठ्ठीवर "नवऱ्यालाही तपासा" असं लिहायचे आणि माझं कर्तव्य झालं असं समजायचे. ती चिठ्ठी कधी त्याच्यापर्यंत पोचली का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. पुढे मूल होईना म्हणून दुर्बिणीतून तपासणी केली. पिशवीच्या तोंडातून निळं औषध सोडलं. निरोगी नळीतून ते टोकाच्या झालरीतून टपटप गळताना दिसतं, ऑपरेशन थिएटरमधला तो माझा आवडता क्षण. तिच्या नळ्या निळ्या होऊन फुगत गेल्या, टोकाशी सिगारेटच्या थोटकाएवढी गोल गाठ, आणि थेंबही बाहेर आला नाही. कॅमेरा वर वळवला तर यकृत आणि पोटाच्या भिंतीमध्ये तंबोऱ्याच्या तारांसारखे बारीक धागे ताणलेले. या धाग्यांमुळे काही जणींना उजव्या बरगडीखाली दुखतं आणि पित्ताशयाच्या सोनोग्राफ्या होत राहतात. तिलाही होत होतं, तिनं ते कधी सांगितलं नव्हतं कारण "ते वेगळं दुखणं" असं तिला वाटायचं.

त्या दिवसापासून मी चिठ्ठी देत नाही. नवऱ्याला समोरच्या खुर्चीत बसवते.

तुमच्या यजमानांना काही होत नसेल, ते खोटं बोलत नसतील. पुरुषांत निम्म्याहून जास्त जणांना काहीच त्रास होत नाही. फार तर सकाळी लघवीआधी चिकट थेंब, थोडी चुरचुर. त्रास नाही म्हणजे जंतू नाही, असं मात्र नाही. त्यांची लघवीची पीसीआर तपासणी होते. पहिली धार पकडायची, मधली नव्हे, आणि आधी तासभर लघवी केलेली नसावी. पण पत्नीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असताना तपासणीची वाट न बघता औषध देणं हीच रीत आहे. दोघांनी एकाच सुमारास औषध घ्यायचं आणि दोघांचंही पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही. तुम्ही सात दिवस मुकाट्यानं गोळ्या घेतल्या आणि आठव्या दिवशी त्यांच्याकडून तोच जंतू परत आला, तर लुंडच्या आकड्यांत तुम्ही एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्याच्या वाटेला लागलात. समजावताना "तुमच्यामुळे झालं" असं म्हणून सुरुवात केलीत तर गोळी घशाखाली जाणार नाही. "मूल हवंय ना, मग दोघांनी आठवडाभर गोळ्या घेऊ" म्हणून बघा. तरी ऐकलं नाही तर तुमच्या डॉक्टरांकडे दोघं एकत्र जा, हे सांगायचं काम आमचं आहे, सगळा भार तुमच्यावर नको.

"हे आलं कुठून?" क्लॅमिडिया शरीरसंबंधातूनच येतो. एसटी स्टँडच्या संडासातून नाही, पोहण्याच्या टाकीतून नाही, दुसऱ्याचा टॉवेल वापरून नाही, उष्णतेनं तर नाहीच. पण कधी आला, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. औषधाविना ही लागण निम्म्या जणांत वर्षभरात आपोआप जाते, उरलेल्यांत त्याहून जास्त काळ गुपचूप राहते. म्हणजे लग्नाच्या आधीची असू शकते, तुमच्या बाजूची किंवा त्यांच्या. नंतरचीही असू शकते. या रिपोर्टच्या जोरावर कुणी कुणाला दोषी ठरवू नये. सासरच्या बैठकीत हा कागद पुरावा म्हणून ठेवलेला मी एकदा पाहिला आहे. त्या कागदावर फक्त जंतूचं नाव होतं, तारीख होती ती नमुना घेतल्याची. तुमच्या मनात त्यांच्याबद्दल प्रश्न असतील तर ते जरूर विचारा, पण नात्यातले प्रश्न म्हणून विचारा, प्रयोगशाळेचा निकाल म्हणून नको. आणि एक लैंगिक आजार सापडला की एचआयव्ही, सिफिलिस आणि बी काविळीची तपासणी दोघांचीही करून घेतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे आकडे मी माझ्या निवासी डॉक्टरांना दर वर्षी सांगते, त्यांना खरे वाटत नाहीत. शहरातल्या ओपीडीत बसून मला मात्र अजूनही वाटतात. अमेरिकेत पंचविशीच्या आतल्या, संबंध असलेल्या मुलींची दर वर्षी क्लॅमिडियाची तपासणी करायला सांगतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, लक्षण दिसलं तर उपचार अशी पद्धत आहे. आणि हा जंतू तर लक्षणच दाखवत नाही.

वंध्यत्वाच्या बाजूनं बघणाऱ्यांसाठी एक टीप: आपल्याकडे नळ्या बंद निघाल्या की क्लॅमिडियाबरोबरच, किंबहुना आधी, पिशवीच्या टीबीचा विचार करावा लागतो. परदेशी वेबसाइट वाचून तो सुटतो. आणि नळ्या खरंच बंद असल्या तरी दार बंद नसतं. टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र मुळात बंद नळ्यांसाठीच जन्माला आलं. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या बाळाच्या आईच्या नळ्या बंद होत्या. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असं बाळ जन्मलं ते १९८६ साली. त्या शिक्षिकेलाही पुढे आयव्हीएफनं मुलगी झाली. फुगलेल्या नळ्या आधी काढाव्या लागल्या, कारण त्यातलं पाणी पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही. खर्च, इंजेक्शनं, दोन फसलेले प्रयत्न, सगळं सोसून. तुम्हाला तिथवर जावं लागू नये म्हणून तर हे एवढं लांबण लावलं आहे.

आत्ताच एचएसजी म्हणजे नळ्यांचा एक्स-रे करायचा का? नको. लागण ताजी असताना पिशवीत काही सोडलं तर जंतू वर ढकलला जातो. कॉपर-टी बसवायची असेल तर तीही औषध संपल्यावर. आधीच बसवलेली असेल तर काढायची गरज नसते. आतून धुण्याचे ते सुवासिक वॉश मात्र फेकून द्या. योनी स्वतःची स्वच्छता स्वतः करते, धुतल्यानं जंतू वर जायला मदतच होते.

औषध संपल्यावर लगेच पुन्हा तपासणी करू नका. मेलेल्या जंतूंचे अवशेष तीन-चार आठवडे सापडतात आणि विनाकारण पॉझिटिव्ह येतो. दिवस राहिलेले नसतील तर तपासणी तीन महिन्यांनी करा, तीही औषध लागू पडलं का हे बघायला नव्हे, लागण परत आली का हे बघायला. मधल्या काळात ओटीपोटात नवीन दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं, उलट्या, यांतलं काही झालं तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला की मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करा, नळ्यांची तपासणी न करता. तुमच्या वयात वर्षभर वाट बघायला हरकत नाही. फक्त पाळी चुकून टेस्टवर दोन रेघा आल्या की नेहमीसारखं आठव्या आठवड्याची वाट बघत बसू नका. सहाव्या आठवड्याच्या आसपास आतून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, एवढं पाहून घ्या. एका बाजूला दुखून चक्कर आली किंवा खांद्यात कळ आली, तर सोनोग्राफीच्या तारखेचीही वाट बघू नका, रिक्षा करून सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि "क्लॅमिडिया होऊन गेलाय" हे पहिल्याच वाक्यात सांगा.